घारापुरीस जाण्यापूर्वी

मुंबई पाहून आलेल्या दहा गृहस्थांस "बंदर पाहिले काय?" असे विचारले, तर त्यांतील नऊ जण चौपाटीचे वर्णन करू लागतील. भेळ, वाळू, सूर्यास्त, मुलांनी केलेला हट्ट, सारे काही ते सांगतील. परंतु चौपाटी म्हणजे बंदर नव्हे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानीही नसते. मुंबई शहराने अरबी समुद्राकडे जी बाजू केली आहे ती हवा खाण्याची; ज्या पाण्याने या शहरास श्रीमंती दिली ते पाणी त्याच्या पूर्वेस, शहर आणि कोकणची मुख्य भूमी यांच्या मधोमध पसरलेले आहे. त्याच पाण्यात घारापुरी आहे, त्याच पाण्यात जवाहर द्वीप आहे, आणि त्याच पाण्याचा एक फाटा पनवेलच्या खाडीत शिरून दिवाळे नावाच्या कोळीवाड्याच्या पायरीशी दिवसातून दोनदा येऊन परत जातो.

या दिवाळ्याशी आमचा संबंध आला तो धाकट्या बंधूंच्या बिऱ्हाडामुळे. त्यांचे घर बेलापुरास आहे. गावाचे नाव प्रथम पत्रातून कळविले तेव्हा पुण्याच्या एका वडील आप्तांनी काळजीने उलट विचारणा केली होती की, धंद्यात खोट वगैरे आली नाही ना? तसे काही नाही. दिवाळे हे जुने, नांदते गाव. १९७० साली सिडको स्थापन होऊन नवी मुंबईची आखणी झाली. त्यानंतर चोहोंकडून इमारती उठल्या. १९९३ साली बेलापूरपर्यंत आगगाडी आली. आणि गाव मात्र खाडीच्या काठी आपल्या होड्या, आपली जाळी व आपला देव सांभाळून राहिले. हा देव मोठा मजेदार आहे. बहिरीदेव त्याचे नाव. वर्षभर त्याचा मुक्काम समुद्रात. दिवाळीच्या दिवसांत गावकरी त्याला पाण्यातून वर काढून वाजतगाजत गावात आणतात, दर्शन घेतात आणि पुन्हा पाण्यात पोहोचवितात. अमावास्येच्या सुमारास भरती जशी मोठी तशी ओहोटीही लांबवर जाते. देवाला वर आणण्याचा काळ हाच असावा, यात जुन्या लोकांचा पाण्याचा अभ्यास असेल असे मला वाटते. गावाजवळच बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. सिद्दी, पोर्तुगीज, मग चिमाजी अप्पांच्या वेळी मराठे आणि १८१७ साली इंग्रज असे त्याचे धनी बदलले. किल्ला घेतला गेल्यास जवळच्या अमृतेश्वरास बेलाची माळ वाहीन, असा अप्पांनी नवस केला व त्यावरून बेलापूर हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. आज तेथे पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही, आणि मुलांना तर तो दहा मिनिटांत पाहून झाला.

त्या मुलांनीच घारापुरीचा हट्ट धरला. आम्ही लहानमोठी मिळून अकरा माणसे त्या आठवड्यात बंधूंकडे जमलो होतो. "शाळा एक दिवस बुडाली तर बुडू दे," असे खुद्द आजोबांनीच म्हटल्यामुळे मुलांना जोर चढला. अडचण एकच होती, आणि ती म्हणजे आमच्या आत्याबाई.

आत्याबाई पंच्याऐंशी वर्षांच्या. माहेर अलिबाग तालुक्यात, समुद्राच्या अगदी जवळ. तरी कळत्या वयापासून त्या कधी बोटीत बसल्या नाहीत. कारण घरात सर्वांस ठाऊक आहे व त्यांच्यासमोर कोणी काढीत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, 'रामदास' नावाची बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वाटेत खवळलेल्या समुद्रात उलटली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईस बातमी कळण्यासही कित्येक तास लागले. आत्याबाईंचे धाकटे काका त्या बोटीत होते. सणाला घरी यावयाचे म्हणून निघाले होते. आत्याबाई तेव्हा सात वर्षांच्या. ओसरीवर दिवा घेऊन बसलेली आई त्यांना आठवते. यापलीकडे त्या काही सांगत नाहीत.

"लेणी पाहायची तर कार्ल्याला जा, भाज्याला जा," त्या म्हणाल्या. "पाणी ओलांडून कशाला?"

हे निव्वळ म्हातारपणाचे भय म्हणून उडवून लावण्याजोगे नव्हते. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान नौका घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा माणसे मृत्युमुखी पडली, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आम्ही सर्वांनी वाचली होती. तेव्हा पावसाळा नव्हता, वादळ नव्हते; दुपारचे स्वच्छ ऊन होते. माझ्या भावजयीने स्पष्टच विचारले, "पाच वर्षांच्या मुलाला घेऊन जायचे की नाही, ते पुरुषमंडळींनी हौशीने न ठरविता विचाराने ठरवावे." मला तो प्रश्न रास्त वाटला. आमच्यात सहलीचा बेत म्हणजे डब्यात काय न्यावयाचे याचीच चर्चा पुष्कळ होते; जाण्याच्या वाटेचा विचार कोणी तरी परस्पर करील अशी सर्वांची समजूत असते.

म्हणून आम्ही बेत आखावयास बसलो, आणि पहिला प्रश्न निघाला तो वारांचा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. हे ठाऊक नसल्यामुळे बेटावर जाऊन हात हलवीत परत आलेली कुटुंबे मला माहीत आहेत. दुसरा प्रश्न ऋतूचा. पावसाळ्याचे चार महिने या प्रवासास वर्ज्य समजावेत. लाँच चालू असली तरी म्हाताऱ्यामुलांनी जाऊ नये. दिवाळीनंतर माघ संपेपर्यंतचा काळ उत्तम. या दिवसांत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा मंद वाहतो व पाणी शांत असते. दुपारनंतर खारा वारा उठला की बोट हेलकावे खाऊ लागते. यास्तव सकाळी लवकर निघावे व दुपारी परतावे, हा नियम ज्याला बोट लागते त्याने तरी मोडू नये.

तिसरा प्रश्न वाटेचा. आत्याबाईंनीच विचारले, "हेच पाणी तिकडे जाते ना? मग बोरीबंदरचा वळसा कशाला?" प्रश्न बिनतोड होता. खाडीतून बाहेर पडून, २०२४ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या अटल सेतूखालून पुढे गेले की घारापुरी येते. बेलापूरच्या धक्क्यावरून २०२२ साली जलवाहतूक सुरूही झाली. परंतु अशा नव्या सोयींचा भरवसा जाण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करूनच धरावा. अकरा माणसे धक्क्यावर नेऊन उभी करावयाची व मग बोट नाही असे कळावयाचे, हे बरे नव्हे. राहिली कोळ्यांची होडी. दिवाळ्यात ओळख निघाली तर कोणी प्रेमाने नेईलही. तथापि मासेमारीची होडी ती मासेमारीची. जिला उतारू नेण्याचा परवाना आहे, तीतच बसावे. तेव्हा गेट वे ऑफ इंडियाच्या पायऱ्यांवरून सुटणारी नेहमीची लाँच, हेच ठरले. तासाभराचा प्रवास.

चौथा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आला नव्हता. तो दिवाळ्याच्या धक्क्यावर निघाला.

त्या संध्याकाळी मुलांना होड्या दाखवावयास आम्ही खाडीकडे गेलो. आत्याबाईही आल्या; पाण्याजवळ नव्हे, रस्त्यापर्यंत, असे सांगून आल्या. सुकत घातलेल्या मासळीचा वास आला तसा त्यांनी पदर नाकाशी धरला. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या आणि ज्या खाडीचे आम्ही एवढे कौतुक करीत होतो तिच्या मधोमध पाण्याची एक बारीक धार राहिली होती. जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध नाखव्यांस धाकट्याने विचारले, "पाणी कुठे गेले?"

"येईल की," ते म्हणाले. "आज षष्ठी. साडेचाराला भरून गेलं. आता रातच्याला साडेदहाला ओहोटी, आन पहाटे पुन्हा भरती."

घड्याळ न पाहता हे त्यांनी सांगितले. मुले चकित झाली. मीही झालो. पण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आत्याबाई तेथूनच म्हणाल्या, "सहा पाऊण साडेचार. आमचे वडीलही असेच मोजीत."

नाखव्यांनी हातातले जाळे खाली ठेवले. मग त्या दोघांचे जे बोलणे झाले त्यात आम्ही निव्वळ श्रोते होतो. हिशेब असा आहे : तिथीचा आकडा घ्यावा आणि त्यावर पाऊणकी म्हणावी, जे उत्तर येईल तितक्या वाजता मुंबईच्या बंदरात भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता, पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर बाराच्या आसपास. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. यामागचे शास्त्र सोपे आहे. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, आणि पाणी चंद्राच्या मागे जाते. म्हणून भरतीची वेळही रोज तेवढीच पुढे सरते. छापील कोष्टक व हा तोंडी हिशेब यांत थोडाफार फरक पडतो. पण बेत आखण्यास तो पुरेसा आहे. पावकी, निमकी, पाऊणकी ज्यांनी लहानपणी पाठ केली त्यांच्यापैकी किती जणांस तिचा हा उपयोग ठाऊक असेल कोण जाणे. मला नव्हता. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आम्ही एकादशी व संकष्टी तेवढी पाहतो. तेच पान कोळ्यांच्या घरी समुद्राचे वेळापत्रक असते.

"मग तुम्ही कधी जाल?" आत्याबाईंनी नाखव्यांस विचारले. "पोरेबाळे घेऊन, घारापुरीला?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. अष्टमीला नको, म्हणाले. भर दुपारी पाणी उतरलेले, धक्क्याच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर शेवाळ असते आणि बोटीची कड पायरीच्या फार खाली जाते. म्हाताऱ्या माणसाचा पाय तेथेच घसरतो. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण नको. पाण्याला ओढ फार. जाताना भरती असावी आणि पाणी पुरते उतरण्याच्या आत परत यावे. मग खाडीत गाळ कसा भरला, मासळी कशी दूर गेली, या त्यांच्या नेहमीच्या दुःखाकडे ते वळले, व आत्याबाईंनी तेही शांतपणे ऐकून घेतले. पदर नाकावरून केव्हाच खाली आला होता.

घरी आल्यावर त्यांनी स्वतः पंचांग मागितले. एकादशीला सव्वाआठला भरती. वेळ चांगली, पण त्यांचा उपवास, आणि तो वारही नेमका सोमवार. द्वादशी मंगळवारी. "बारा पाऊण नऊ," त्या म्हणाल्या. "नवाला भरती, सव्वातीनला ओहोटी. दोनपर्यंत परत या म्हणजे झाले." थोड्या वेळाने म्हणाल्या, "या म्हणजे येऊ." कोणी काही बोलले नाही. भावजयीने यादीत त्यांचे नाव घातले.

आता द्वादशीचे पारणे सूर्योदयानंतरच व्हावयाचे. आणि बेलापुरासून सकाळच्या कचेरीच्या गर्दीत आगगाडीने त्यांना नेणे शक्य नव्हते. म्हणून आदल्या दिवशी, म्हणजे एकादशीला, दुपारच्या मोकळ्या गाडीने निघून गिरगावात नातलगांकडे मुक्काम करावा असे ठरले. या मुक्कामाने अनायासे एक मोठे काम साधले. घारापुरीस पोर्तुगीज 'एलेफंटा' म्हणत, ते तेथील धक्क्याजवळच्या एका प्रचंड दगडी हत्तीवरून. तो हत्ती आता बेटावर नाही. १८६४ साली तो विलायतेस नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना यारी मोडली व हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा सांधले गेले. राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आज उभा आहे. बुधवारी संग्रहालय बंद असते, हे ध्यानात ठेवावे. बेटावर जाऊन "हत्ती कुठे?" असे विचारणाऱ्या मुलांस आधी भायखळ्यास नेणे हाच उपाय. आमच्या मुलांनी त्याच्या अंगावरील सांधे मोजले आणि आत्याबाई तेथील बाकावर बसून म्हणाल्या, "एवढा मोठा हत्ती, पण याला पाणी काही ओलांडता आले नाही."

इतर बेटांविषयी येथेच सांगून टाकतो. बंदरातील जवाहर द्वीपावर तेलाची जहाजे लागतात व तेथे उतरण्यास बंदी आहे. लाँचमधून दुरून पाहावे. खांदेरीचा किल्ला, जो शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रज व सिद्दी यांच्या नाकावर टिच्चून उभारला, आणि ज्याला २०२५ साली मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, तो बंदराबाहेर, थळच्या समोर आहे. त्याची वाट वेगळी, समुद्र मोकळा. घारापुरीबरोबर त्याला एकाच दिवसात कोंबण्याचा मोह धरू नये.

मंगळवारी साडेआठास आम्ही गेट वेपाशी होतो. पाणी खरोखरच पायऱ्यांना भिडले होते, आणि लाँचच्या खलाशाने हात दिला तशा आत्याबाई सपाटीवरून चालावे तशा आत गेल्या. जाकिटे सर्वांस दिली गेली. २०२४ च्या अपघातानंतर हा दंडक कडक झाला आहे. तरीही जाकीट नुसते खांद्यावर टाकून बंद न बांधणारे पुष्कळ दिसले. वरच्या मजल्यावर हवा बरी असते व त्यासाठी थोडे अधिक पैसे घेतात, पण म्हाताऱ्यांनी खालीच, दाराजवळ बसावे. आत्याबाईंनी डोळे मिटले होते. निम्मे पाणी ओलांडल्यावर उघडले.

लेण्यांचे वर्णन अनेकांनी केले आहे. मी थोडक्यात आटोपतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लहानशी आगगाडी आहे, पुढे सुमारे सव्वाशे पायऱ्या, दोन्ही बाजूंस दुकाने आणि माकडे. खाद्यपदार्थ हातात दिसू देऊ नयेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्याचे असावे, आणि बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी सापडल्यामुळे ते त्या राजवटीचे असावे असे मानतात. मागील भिंतीतील सुमारे अठरा फूट उंचीच्या त्रिमुखी मूर्तीस लोक त्रिमूर्ती म्हणून ब्रह्मा-विष्णु-महेश समजतात. परंतु ती तिन्ही मुखे शिवाचीच आहेत : एक उग्र अघोर, मध्ये शांत तत्पुरुष, आणि एक कोमल, वामदेव. आमच्या घरातील सुशिक्षितांपैकीही दोघांस हे नवीन होते. पोर्तुगीज काळात येथील पुष्कळ मूर्तींची मोडतोड झाली. या मूर्तीचे सुदैवाने रक्षण झाले. गंगाधराच्या शिल्पापाशी आत्याबाई बराच वेळ उभ्या होत्या.

बेटावर राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. मुंबईचे दिवे रात्री समोर लखलखत असताना येथील घरांत समुद्रतळातून टाकलेल्या तारेने वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. काकडी व ताक विकणाऱ्या एका बाईंनी आत्याबाईंस हे सांगितले, आणि त्यावर त्या दोघींचे इतके सूत जमले की एक वाजला तरी उठण्याचे नाव नव्हते. शेवटी धाकट्यानेच "ओहोटी, ओहोटी" म्हणून घाई केली. दीडची लाँच मिळाली.

परतताना वारा थोडा वाढला होता. आत्याबाई या वेळी कडेच्या बाकावर बसल्या. "रेवस कुठे आले?" त्यांनी विचारले. मी दक्षिणेकडे, करंजाच्या डोंगरापलीकडे बोट दाखविले. त्या तिकडे पाहत राहिल्या. मग पिशवीतून त्यांनी एक नारळ काढला. तो त्यांनी केव्हा घेतला होता हे आम्हांपैकी कोणास ठाऊक नव्हते. जाकिटामुळे हात कठड्यापलीकडे पुरेना. खलाशाने काही न विचारता नारळ घेतला, कपाळाला लावला व वाकून पाण्यात सोडला.

त्यांनी जाकिटाचा सैल झालेला बंद आवळून घेतला आणि धाकट्याकडे वळून विचारले, "किती वाजले रे? पाणी अजून किती उतरेल?"

"अडीच वाजले," तो बोटे मोडीत म्हणाला. "सव्वातीनला ओहोटी. अजून पाऊण तास."